व्यसनमुक्तीतल्या माणसाची तपासणी: कोणासाठी आणि कोणत्या हक्काने?

पारिजातक

मी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यांचे नमुने आमच्याकडे नेहमीच येतात आणि नमुन्याच्या मागोमाग फोन येतात. "ताई, पॉझिटिव्ह आली का हो?" फोनवर कधी आई असते, कधी नवरा, कधी कामावरचा साहेब. मी कोणालाच काही सांगत नाही, कारण तो अहवाल त्यांचा नसतो. लोक चिडतात. त्यांची काळजी मला कळते, पण हे बोलायलाच हवं म्हणून हा धागा काढते आहे.

माझं म्हणणं असं: तपासणी जरूर करावी, पण ती उपचारातला एक प्रश्न म्हणून. निकाल लावायला नको. आणि लघवीत अमली पदार्थ शोधणाऱ्या निव्वळ एका पट्टीच्या भरवशावर कोणाला घराबाहेर काढणं, नोकरीवरून कमी करणं, मूल ताब्यातून घेणं, औषध बंद करणं यांतलं काहीही करू नये. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, ती पट्टी काम कशी करते ते माहीत आहे म्हणून म्हणतेय.

आधी पट्टी वाचायची कशी ते. गरोदरपणाच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली की उत्तर 'हो' असतं. या पट्टीवर उलट असतं. नमुन्यात अमली पदार्थ असेल तर तो पट्टीवरच्या प्रतिपिंडांना आधीच धरून ठेवतो आणि चाचणीची रेघ उमटतच नाही. म्हणजे दोन रेघा आल्या तर निगेटिव्ह, फक्त वरची नियंत्रण रेघ (पट्टी नीट चालली एवढंच दाखवणारी) आली तर पॉझिटिव्ह. दुसरी रेघ फिकट असली, अगदी डोळे बारीक करून दिसण्याइतकी असली, तरी ती निगेटिव्हच धरायची. "फिकट आहे म्हणजे थोडंसं घेतलंय" असं काही नसतं. किटवर जेवढी मिनिटं लिहिली आहेत तेवढ्यातच वाचायची, अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन बघायची नाही.

पट्टी ही फक्त चाळणी. प्रतिपिंडं पदार्थाचा साधारण आकार ओळखतात, त्यामुळे तशाच आकाराच्या औषधांनी त्यांची गफलत होते. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑन, रक्तदाबावरचं लॅबेटॅलॉल यांनी अॅम्फेटामिनची, म्हणजे एका उत्तेजक अमली पदार्थाची, चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स काही किटवर अफूच्या गटात दिसतात. मानसिक आजारावरच्या क्वेटियापिनमुळे मेथाडोनची (अफूगटाच्या व्यसनावर देतात त्या औषधाची) चाचणी चुकू शकते. खसखशीत तर अफूतल्या मॉर्फिनचा अंश खरोखरच असतो. त्यामुळेच अमेरिकेत सरकारी नोकऱ्यांसाठीच्या तपासणीत अफूगटाला पॉझिटिव्ह धरायची मर्यादा १९९८ मध्ये मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. नमुना तोच, मर्यादा बदलली की पॉझिटिव्हचं निगेटिव्ह होतं. हे कळलं की "पॉझिटिव्ह" या शब्दाचा दरारा जरा कमी होतो.

पक्कं उत्तर हवं असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीची खात्री-तपासणी करावी लागते. ती नेमका रेणू ओळखते. तिला वेळ लागतो, खर्च येतो, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी टाळली जाते.

---

चंदनवेल

ताई, माझा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला आहे. सज्ञान आहे, शिकलेला आहे. मी रोज सकाळी त्याच्या हातात किट देते. तो काही न बोलता जाऊन नमुना आणून देतो. पट्टी निगेटिव्ह येते, मला दिवसभर बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यापासून पुन्हा तेच. हल्ली तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मी तपासणी बंद करायला हवी का? भीती वाटते हो. पुन्हा तसलं काही झालं आणि मला कळलंच नाही तर?

दुसरं म्हणजे, त्याला झोपेसाठी डॉक्टरांनी क्लोनाझेपाम दिलं आहे. पट्टीवर बेन्झोचा, म्हणजे या गोळीच्या गटाचा, रकाना आहे, तिथेही निगेटिव्हच येतं. मग तो गोळ्या घेतो की फेकून देतो, की कोणाला विकतो, असले विचार मनात येतात.

---

पारिजातक

चंदनवेल, आधी गोळीचं सांगते म्हणजे तेवढा तरी घोर मिटेल. बेन्झोच्या बऱ्याच पट्ट्या ऑक्साझेपामसारख्या रेणूवर बेतलेल्या असतात. डायझेपाम शरीरात मोडून त्या वाटेने जातं, म्हणून पकडलं जातं. क्लोनाझेपामचं ७-अमिनोक्लोनाझेपाम होतं आणि ते या पट्ट्यांना नीट दिसत नाही. लोराझेपामचीही तीच गत. म्हणजे तो गोळी अगदी नेमाने घेत असला तरी पट्टी निगेटिव्ह येऊ शकते. याच कारणावरून रुग्णांवर "औषध विकतोस" असा आळ आल्याचं मी पाहिलं आहे. कृपा करून त्याला यावरून काही विचारू नका.

अफूगटाच्या साध्या पट्टीलाही अशाच मर्यादा आहेत. ती मॉर्फिन, कोडीन शोधते. ट्रामाडोल, फेंटानिल ही वेदनाशामकं, मेथाडोन आणि तसंच व्यसनाच्या उपचारातलं ब्युप्रेनॉर्फिन तिला दिसत नाहीत, त्यांच्या वेगळ्या चाचण्या लागतात. म्हणजे निगेटिव्ह पट्टीने मिळणारा दिलासाही अर्धाच असतो.

रोज सकाळी तपासायचं की नाही याचं उत्तर मी देणं बरोबर नाही. 'मनोवेध' इथे असतात, त्यांनी लिहावं.

---

वाटसरू

मी या सगळ्यातून गेलो आहे, अजूनही उपचारात आहे, म्हणून लिहितो.

तपासणीचा मला उपयोग झाला. खूप झाला. जुनी मित्रमंडळी बोलवायची तेव्हा "नको" म्हणायला जीभ रेटत नसे. "कधीही तपासणीला बोलावतात रे" एवढं म्हटलं की पुढचा आग्रह थांबायचा. स्वतःच्या निश्चयावर विश्वास नव्हता त्या काळात ते कारण फार कामी आलं. तपासणी मुळात वाईटच असं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

पण ती कशी घेतली जाते त्यावर सगळं आहे. एका केंद्रात (नाव घेत नाही) दार उघडं ठेवून, मागे माणूस उभा करून नमुना घ्यायचे. मला लोकांसमोर लघवी होत नाही. लहानपणापासूनचं आहे. तासन् तास पाणी पीत बसायचो, पोट फुगायचं, आणि वहीत लिहिलं जायचं "नमुना देण्यास नकार". नकार म्हणजे पॉझिटिव्ह असा त्यांचा नियम. समुपदेशकाला सांगितलं तर म्हणाला, ज्याला लपवायचं असतं त्यालाच होत नाही. पुढे दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी सांगितलं की या त्रासाला वैद्यकीय नाव आहे, पॅरुरेसिस, आणि लाळेची तपासणी हा साधा पर्याय आहे. एक कापसाची काडी गालात धरायची, संपलं. हे आधी कोणी का सांगितलं नाही?

ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाले आहेत अशी कितीतरी माणसं व्यसनात सापडतात. त्यांना अनोळखी माणसासमोर कपडे खाली करायला लावणं म्हणजे उपचारच उलटे फिरवणं आहे.

---

मनोवेध

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, व्यसनाधीनतेवर काम करतो. वाटसरूंनी लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा. समोर उभं राहून नमुना घेणं हा अपवाद असावा, त्याला कारण असावं आणि ते कारण रुग्णाला सांगितलेलं असावं. नमुना खरा आहे का हे बघायला इतर मार्ग आहेत. ताज्या लघवीचं तापमान चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सिअस भरतं. क्रिएटिनीन (लघवीत नेहमीच असणारा एक घटक) डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नमुना पातळ आहे असं समजतात. पण पातळ नमुना म्हणजे लबाडीच, असंही नाही. भरपूर पाणी पिणाऱ्याचा, लघवी वाढवणारी औषधं घेणाऱ्याचा नमुना पातळ येतोच. पुन्हा घ्यावा, सकाळचा पहिला घ्यावा.

चंदनवेल, तुमच्या प्रश्नाकडे येतो. रोज ठरल्या वेळी केलेल्या तपासणीतून फार काही हाती लागत नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ अॅडिक्शन मेडिसिनने २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या सहमतीने एक मार्गदर्शिका काढली. तिचा रोख असा की तपासणी आगाऊ न सांगता, अनियमित दिवशी व्हावी, उपचाराच्या सुरुवातीला साधारण आठवड्याला आणि स्थिरावल्यावर महिन्याला निदान एकदा. निकालाचा उपयोग शिक्षेसाठी न करता उपचार बदलण्यासाठी करावा, हेही तिच्यात स्पष्ट आहे. मुख्य म्हणजे हे काम आईने करू नये. आई तपासनीस झाली की मुलाला घरात आई उरत नाही. तुमच्या मुलाला विचारा, तपासणी उपचार करणाऱ्यांकडे व्हावी का, आणि निकाल तुम्हाला कळावा का. तो हो म्हणाला तर तसं तिघांनी मिळून ठरवा. नाही म्हणाला तर ते नाही मानावं लागेल, तो सज्ञान आहे. किशोरवयीन मुलांच्या बाबतीतसुद्धा, ज्यांना समज आहे त्यांची त्यांच्या मनाविरुद्ध तपासणी करू नये अशी अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची भूमिका आहे.

आणि पॉझिटिव्ह आलं तर काय, हे आधी ठरवा. आलेल्या दिवशी नव्हे. त्या दिवशी घरातलं कोणीच शुद्धीवर नसतं.

यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण इथे जिवाशी गाठ असते. ओपिऑइड, म्हणजे अफूगटातलं काही, घेणाऱ्याने काही आठवडे घेतलं नाही की शरीराची सहनशक्ती उतरते. मग घसरण झाली आणि जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास बंद पडू शकतो. पॉझिटिव्ह अहवाल हातात आला आणि आपण त्याला केंद्रातून काढलं, ब्युप्रेनॉर्फिन बंद केलं, तर आपण त्याला नेमक्या त्या धोक्याच्या तोंडी देतो. पॉझिटिव्ह आलं म्हणजे उपचार वाढवायची वेळ आली. मात्रा कमी पडते आहे का, घरात काही घडलंय का, झोप लागते का हे विचारायचं. ओपिऑइडची मात्रा जास्त झाली तर उतारा म्हणून देतात ते नॅलोक्सोन घरात आहे का तेही विचारायचं.

शिवाय प्रत्येक पॉझिटिव्ह म्हणजे नवं सेवन नव्हे. रोज भरपूर गांजा ओढणाऱ्याने सोडल्यावरही तीस दिवस, कधी जास्त, लघवी पॉझिटिव्ह राहू शकते, कारण तो चरबीत साठतो आणि सावकाश उतरतो. कोकेनचा अंश दोन ते चार दिवस, हेरॉइनपासून होणारं मॉर्फिन दोन-तीन दिवस. फेंटानिल झटकन उतरतं असं पूर्वी समजत, पण नियमित घेणाऱ्यांत त्यापासून शरीरात होणारं नॉरफेंटानिल दोन-तीन आठवडेही सापडतं. केंद्रात येऊन दहा दिवस झालेल्या मुलाला "कुठून आणलंस?" म्हणून दरडावणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

---

पाणपोई

मी एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. वर लिहिलेलं पटतं, तरी दुसरी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे क्रेन चालवणारे आहेत, ट्रक चालवणारे आहेत. व्यसनातून बाहेर आलेल्या दोघा-तिघांना आम्ही पुन्हा कामावर घेतलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण क्रेनखाली उभ्या असलेल्या माणसाचं काय? त्याने तर कशालाच संमती दिलेली नाही. त्याच्यासाठी तपासणी नको का?

---

वाटसरू

हवी. क्रेनखाली मीही उभा असू शकतो. पण मग सगळ्या क्रेनवाल्यांची करा, फक्त आमची का? आणि एक लक्षात घ्या, लघवीतून "आत्ता नशेत आहे का" हे कळत नाही. शनिवारी रात्री ओढलेला गांजा बुधवारी दिसतो, आणि सकाळी दारू पिऊन आलेला तुमच्या पाच रकान्यांच्या पट्टीवर साफ सुटतो, कारण तिच्यात दारूचा रकानाच नसतो.

---

पारिजातक

वाटसरूंचा मुद्दा बरोबर आहे. नशेत आहे का हे बघायचं तर श्वासाची तपासणी, वागणं-चालणं, प्रतिसादाचा वेग हे बघावं लागतं.

दारूवरून आठवलं, ईटीजी तपासणी हल्ली फार मागवली जाते. ईटीजी म्हणजे दारूपासून शरीरात होणारा एक घटक. दारू शरीरातून गेल्यावरही हा घटक दोन-तीन दिवस लघवीत राहतो, म्हणून लोकप्रिय आहे. पण ती इतकी संवेदनशील आहे की हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर, माउथवॉश, काही खोकल्याची औषधं यांनीही कमी मर्यादेवर पॉझिटिव्ह येऊ शकते. १०० नॅनोग्रॅमची मर्यादा लावली की असे बळी जातात, ५०० किंवा १००० ला कमी. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने, 'सॅम्सा'ने, २००६ मध्येच बजावलं होतं की निव्वळ ईटीजीवर कोणाचा परवाना किंवा नोकरी काढू नका. रुग्णालयात काम करणारी, दारू सोडलेली परिचारिका दिवसभरात किती वेळा सॅनिटायझर लावते याचा विचार करा. गेल्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं बघायचं तर रक्तातली पीईटीएच तपासणी जास्त भरवशाची.

पाणपोई, तुम्ही एवढं करू शकता: अहवाल थेट तुमच्या टेबलावर येऊ देऊ नका. मधे एक डॉक्टर ठेवा. पॉझिटिव्ह आलं तर त्याने आधी कर्मचाऱ्याशी खाजगीत बोलायचं, चालू औषधं बघायची, खात्री-तपासणी करायची आणि तुम्हाला फक्त "कामास योग्य" की "अयोग्य" एवढंच कळवायचं. कोणाला नैराश्याची गोळी चालू आहे, कोणाला एचआयव्हीची, हे तुम्हाला कळायची गरज नाही.

---

न्यायतुला

मी वकील आहे. कायदा देशोदेशी वेगळा, त्यामुळे सरसकट सल्ला देत नाही. दोन प्रकरणं मात्र या विषयात पडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावीत.

पहिलं अमेरिकेतलं, फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्स्टन शहर. तिथल्या एका सरकारी रुग्णालयाने १९८९ पासून गरोदर स्त्रियांच्या लघवीत कोकेन तपासून निकाल पोलिसांना द्यायला सुरुवात केली. उपचारांसाठी आलेल्या बायकांना अटक झाली. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमतीशिवाय, पोलिसांच्या उपयोगासाठी केलेली अशी तपासणी म्हणजे घटनाबाह्य झडती आहे. "हेतू त्या बायकांच्या भल्याचाच होता" हा बचाव टिकला नाही.

दुसरं कॅनडातलं, आणि ते वाचून मला झोप लागली नव्हती. टोरंटोच्या लहान मुलांच्या रुग्णालयातली 'मदरिस्क' प्रयोगशाळा केसांची तपासणी करायची आणि तिचे अहवाल बालसंरक्षणाच्या प्रकरणांत वापरले जायचे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यावरून मागच्या काही महिन्यांतलं सेवन ठरवायचं. निवृत्त न्यायाधीश सुझन लँग यांनी २०१५ मध्ये अहवाल दिला: २००५ ते २०१५ या काळातली तिथली तपासणी अपुरी आणि अविश्वसनीय होती. पारिजातक ज्याला चाळणी म्हणतात ती प्राथमिक चाचणीच पक्का निकाल म्हणून धरली गेली होती. पुढे नेमलेल्या आयोगाने १२७१ प्रकरणं तपासली आणि २०१८ च्या अहवालात म्हटलं की त्यातल्या ५६ प्रकरणांत या चाचण्यांचा निर्णयावर मोठा परिणाम झाला होता. मुलं दत्तक गेली होती. चाचणी चुकली म्हणून दत्तक गेलेलं मूल सहसा परत मिळत नाही.

केसांच्या बाबतीत आणखी एक. काळ्या केसांतलं मेलॅनिन काही पदार्थ जास्त धरून ठेवतं. सेवन सारखं असूनही काळ्या केसांत प्रमाण जास्त दिसू शकतं. ज्या समाजात सगळ्यांचेच केस काळे आहेत तिथे हे दुर्लक्षून कसं चालेल?

भारतापुरतं बोलायचं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही येते, आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्यात हक्क आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. केंद्रांच्या भिंतीवर हे लावलेलं मी कुठे पाहिलं नाही.

केंद्रात दाखल होताना जे कागद पुढे करतात त्यात "सर्व तपासण्यांस संमती" अशी एक ओळ असते. तीवर सही केली म्हणजे संमती झाली, हे मला मान्य नाही. काय तपासणार, निकाल कोणाला दाखवणार, पॉझिटिव्ह आलं तर काय होणार, नाही म्हटलं तर काय होणार, हे सांगितल्यावर दिलेली ती संमती. आणि ती मागे घेता आली पाहिजे.

---

मनोवेध

एक राहिलं. तपासणीने शिक्षा देण्याऐवजी बक्षीस दिलं तर? स्टीफन हिगिन्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हरमाँटमध्ये कोकेन सोडू पाहणाऱ्यांवर हे करून पाहिलं. निगेटिव्ह नमुन्याला कूपन, सलग येत गेले तर कूपनची किंमत वाढत जायची. पॉझिटिव्ह आलं तर रागावणं नाही, फक्त त्या दिवशी कूपन नाही. कोकेन, मेथॅम्फेटामिन यांना ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध नाही, त्यांच्यासाठी आज सर्वांत भक्कम पुरावा याच पद्धतीला आहे. अमेरिकेतली माजी सैनिकांची रुग्णालयं २०११ पासून ती वापरतात. "नशा न करण्याचे पैसे द्यायचे का?" असं लोक विचारतात. मी म्हणतो, द्यावेत. माणूस जगतो.

---

चंदनवेल

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. काल त्याच्याशी बोलले. तपासणी डॉक्टरांकडे व्हावी असं तोच म्हणाला. निकाल मला कळवायला मात्र तयार नाही, "मी स्वतः सांगेन" म्हणाला. मी हो म्हटलंय. घरातली किटं कपाटात ठेवली आहेत, टाकवत नाहीत अजून.

पारिजातक ताई, एकच विचारते. डॉक्टरांकडची पट्टी पॉझिटिव्ह आली आणि तो म्हणाला मी घेतलं नाही, तर त्याने नेमकं काय मागायचं?

---

पारिजातक

त्याच नमुन्याची खात्री-तपासणी मागायची. दुसऱ्या दिवशीच्या नव्या नमुन्याची नव्हे, तोपर्यंत आतलं प्रमाण बदललेलं असतं. त्यासाठी नमुना घेतानाच दोन बाटल्यांत करून त्याच्यासमोर मोहोरबंद करायला सांगावं, दोन्हींवर तारीख, वेळ आणि त्याची सही. दुसरी बाटली गोठवून ठेवतात. त्या आठवड्यात घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी, सर्दी-खोकल्याचीसुद्धा, नमुना द्यायच्या आधी लिहून द्यावी, कारण नंतर दिली की लोक ती सबब समजतात. आणि अहवालात कोणता पदार्थ, किती नॅनोग्रॅम आणि मर्यादा कोणती धरली हे तिन्ही लिहून मागावं. नुसतं "पॉझिटिव्ह" लिहून दिलेला कागद घेऊ नये.